ब्लॅक हिस्टरी मंथशी आपल्या मुलांचा काय संबंध?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकत असेन तर लगेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. फेब्रुवारी आला की दप्तरातून ब्लॅक हिस्टरी मंथचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचे, कागद घरी येतात आणि मुलगा म्हणतो, "दर वर्षी तीच चार नावं. आणि आपला काय संबंध?" त्याच्या बाबांचंही साधारण तेच म्हणणं आहे. आपण इथे आलो २०११ साली, ना आपण कुणाला गुलाम केलं, ना आपल्याला कुणी केलं, मग दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडा? तुम्हाला हे पटत नाही, पण काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. त्यात धाकटीची काळजी, की एवढ्याशा पोरीला हे सगळं ऐकवायचं तरी कसं.

मी न्यू जर्सीतच मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते. 'आपला काय संबंध' हा प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. मुलं तो मोठ्याने विचारतात, आई-वडील पालकसभा संपल्यावर हळूच विचारतात. मला तो उद्धट वाटत नाही. ज्याला उत्तर हवं असतं तोच विचारतो; बाकीची मुलं पोस्टर रंगवून मोकळी होतात.

तुमच्या मुलाच्या तक्रारीतला पहिला भाग तर सरळसरळ बरोबर आहे. शाळांमध्ये हा इतिहास बहुतेक वेळा एकाच साच्यात येतो: पूर्वी फार अन्याय होता, मग एक थोर व्यक्ती आली, तिने भाषण केलं किंवा ती बसमध्ये बसून राहिली, आणि सगळं ठीक झालं. या गोष्टीत कुणी काही ठरवत नाही. कुणी भांडत नाही, पैसे गोळा करत नाही, कुणाचा बेत फसत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला असली गोष्ट कंटाळवाणी वाटली तर दोष त्याचा नाही. माझं सगळं शिकवणं या एका मुद्द्यावर उभं आहे: मुलांना दुःख आणि थोर माणसं एवढंच दाखवू नका, माणसांनी घेतलेले निर्णय दाखवा. संबंध कसा जोडायचा हे मग त्यांना फारसं सांगावं लागत नाही.

त्याला बार्बरा जॉन्सची गोष्ट सांगा. व्हर्जिनियात फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या मोटन हायस्कूलची इमारत बांधली होती साधारण १८० मुलांसाठी, आणि १९५१ साली तिथे ४५०हून जास्त मुलं शिकत होती. जागा पुरेना म्हणून बाहेर डांबरी कागद लावलेल्या शेड ठोकल्या होत्या. पावसात त्या गळायच्या, थंडीत मुलं कोट घालून बसायची. गोऱ्या मुलांची शाळा त्याच गावात, पक्की. पालक काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे, अर्जविनंत्या करत होते आणि त्यांना पुढच्या तारखा मिळत होत्या. सोळा वर्षांच्या बार्बराने काही मुलं गुपचूप जमवली. २३ एप्रिलला मुख्याध्यापकांना खोटा फोन गेला, की आपली मुलं गावात अडचणीत सापडली आहेत, लगेच या. ते बाहेर पडले आणि वर्गावर्गांत सभेच्या चिठ्ठ्या पोचल्या. सगळी शाळा सभागृहात जमली, पडदा उघडला तर समोर मुख्याध्यापक नव्हते, ही मुलगी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. संप दोन आठवडे चालला.

इथपर्यंत सांगून मी वर्गात थांबते, कारण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मुलांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिलं. वकील आले आणि म्हणाले, नुसती नवी इमारत मागणार असाल तर आम्ही केस घेणार नाही. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळाच नकोत अशी मागणी असेल तरच घेऊ. मुलांना इमारत हवी होती. ही मागणी कितीतरी मोठी होती आणि धोक्याची. तुम्ही काय कराल? यावर आठवीची मुलं तासभर भांडतात. प्रत्यक्षात त्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी होकार दिला, आणि सरकारी शाळांतली गोऱ्या-काळ्यांची विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या सुप्रीम कोर्टाच्या निकालात जे पाच खटले एकत्र केले होते त्यांतला एक हा. पाचांपैकी विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा एकच. 'मग सगळं ठीक झालं' असं मात्र घडलं नाही. निकाल पाळण्यापेक्षा त्या काउंटीने १९५९ साली आपल्या सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद होत्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी कुणी नातेवाइकांकडे परगावी गेलं, कुणाची शाळा कायमची सुटली. कोर्टात जिंकणं म्हणजे काय आणि काय नाही, हे या पाच वर्षांवरून जेवढं कळतं तेवढं भाषणांवरून कळत नाही.

आता बाबांचा प्रश्न, 'आपण तर नंतर आलो'. आलात कसे, हा त्याचा पुढचा प्रश्न आहे. भारतीयांना या देशात सहज येता येत नव्हतं, आणि आले तरी नागरिक होता येत नव्हतं. तेव्हाच्या कायद्यात परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळायचं ते 'गोऱ्या' माणसाला, किंवा १८७०नंतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. आपण आर्य आहोत म्हणजे गोरेच, असा त्यांचा दावा. त्यांच्या बाजूने कोर्टात असंही मांडलं गेलं की उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसंच पाहतो, जसा अमेरिकन माणूस नीग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच भेद पाळतो, आम्हाला तुमच्यात घ्या. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा काही भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं. १९४६च्या कायद्याने नागरिकत्वाचा रस्ता उघडला, पण भारताचा वर्षाचा कोटा ठेवला १०० माणसांचा. शंभर! एडिसनच्या एका गणेशोत्सवात यापेक्षा जास्त माणसं आरतीला असतात.

हे कोटे गेले १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि १९६५च्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा. देशात जन्मलेल्यांमध्ये वंशावरून भेद करायचा नाही असं एकदा मान्य केल्यावर बाहेरून येणाऱ्यांना वंश बघून कोटे लावणं त्याच संसदेला अवघड झालं. एवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. शीतयुद्ध होतं, आशिया-आफ्रिकेतल्या नव्या देशांपुढे अमेरिकेला आपली अब्रू सांभाळायची होती, पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या कुटुंबांचा दबाव तर जुना होता. पण मॉन्टगोमेरी, बर्मिंगहॅम, सेल्मा इथली कृष्णवर्णीयांची आंदोलनं घडली नसती तर हा कायदा तेव्हा आणि या रूपात झाला असता असं मला वाटत नाही. तुमच्या घरात जो एच-वन-बी, ग्रीन कार्ड, सिटिझनशिपचा क्रम घडला असेल किंवा घडत असेल, त्याची मुळं त्या काळात आहेत. हे मुलाला उपकाराच्या सुरात सांगू नका. उपकार म्हटलं की मुलं दारं लावून घेतात. तारखा एका कागदावर ओळीने लिहा, १९२३, १९४६, १९६४, १९६५, आणि शेवटी तुमची २०११. बाकी त्याला दिसेल.

मराठी घरांच्या संदर्भात दोन गोष्टींबद्दल थोडं बोलते. पहिली हमखास ऐकू येते, "मार्टिन ल्यूथर किंगनी सगळं गांधीजींकडून घेतलं." किंगवर गांधींचा प्रभाव होता, १९५९ साली ते भारतात येऊनही गेले. पण आपण हे अशा थाटात सांगतो की त्यांचा इतिहास आपल्याच कौतुकाचा एक धडा होऊन बसतो. त्यापेक्षा जेम्स लॉसनबद्दल सांगा, कारण त्यात नागपूर आहे आणि खरी मेहनतही आहे. लॉसन हा मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा कृष्णवर्णीय तरुण, कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. १९५३ पासून साधारण तीन वर्षं तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. तिथे त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि मॉन्टगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी त्याने वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर त्याची किंगशी भेट झाली. दक्षिणेत या, आत्ताच या, असं किंग म्हणाले, आणि लॉसन टेनेसीमधल्या नॅशव्हिलला गेला. तिथे त्याने कॉलेजच्या मुलांचे वर्ग घेतले. त्यांत काय व्हायचं? काही मुलं लंच काउंटरवर (दुकानांतली खाण्याची जागा, तिथे कृष्णवर्णीयांना वाढत नसत) बसल्यासारखी खुर्च्यांवर बसायची आणि त्यांचेच मित्र त्यांना शिव्या द्यायचे, ढकलायचे, अंगावर पाणी ओतायचे. उलटा हात उचलायचा नाही, डोकं कसं झाकायचं, शेजारी मार खात असेल तर मध्ये कसं पडायचं, याचा सराव. महिनोन्‌महिने. डायन नॅश आणि पुढे खासदार झालेले जॉन लुइस याच वर्गांतले. फेब्रुवारी १९६०मध्ये ते काउंटरवर जाऊन बसले आणि मे महिन्यात नॅशव्हिलच्या काउंटर्सवर कृष्णवर्णीयांना खायला मिळू लागलं. माझ्या वर्गातल्या क्रिकेटवेड्या, रोबोटिक्सवेड्या मुलांना 'सराव' लगेच कळतो. अहिंसा म्हणजे चांगुलपणा नसून कसून केलेली तयारी आहे, ही त्यांच्यासाठी बातमी असते.

दुसरी गोष्ट जातीची. ती बहुतेक घरांत पुढे येत नाही, म्हणूनच आणायला हवी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून, इथलं यादवी युद्ध संपून आठ वर्षं झालेली असताना! बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून प्रसिद्ध असलेल्या हार्लेमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि डु बॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तर आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून उचललं. तेव्हा मराठी माणसाला हा इतिहास परका आहे असं म्हणताना जरा जपून. पण हेही सांगते, की जात आणि वंश या दोन गोष्टी सारख्याच आहेत असं मुलाला शिकवू नका. माणसांनी एकमेकांकडे पाहून काय उचललं ते सांगा आणि फरक त्यालाच शोधू द्या. आणि 'आपल्याकडेही होतंच की' हे वाक्य विषय बदलायला वापरलं जातंय का, याकडे लक्ष ठेवा. मोठी माणसं त्यात पटाईत असतात.

धाकटीबद्दल. हे मुलीच्या स्वभावावर अवलंबून आहे आणि तिला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. साधारण नियम म्हणून सांगायचं तर आठ वर्षांच्या मुलांना अन्याय उत्तम कळतो, कारण 'हे फेअर नाही' हे त्यांचं दिवसभराचं वाक्य असतं. त्यांना पेलत नाही ते शारीरिक क्रौर्य, विशेषतः चित्रांतून. तिला रूबी ब्रिजेस सांगा. नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स, सहा वर्षांची मुलगी सरकारी मार्शलच्या पहाऱ्यात पहिलीत जाते, इतर पालक आपापली मुलं काढून घेतात, आणि बार्बरा हेन्री नावाच्या बाई वर्षभर एका रिकाम्या वर्गात तिला एकटीला शिकवतात. लहान मुलं विचारतात, "ती डबा कुणाबरोबर खायची?" तोच प्रश्न धरून बोला. आणि फक्त सोसणं नको. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा देवी टोचण्याची पद्धत तिथल्या गोऱ्या पाद्र्याला आधीच माहीत होती, कारण त्याच्या घरच्या ओनेसिमस या गुलामाने ती आफ्रिकेतली म्हणून त्याला सांगितली होती. कोविडची सुई आठवणाऱ्या घरात ही गोष्ट चटकन पोचते.

एमेट टिल मात्र तिच्यासाठी नाही. तुमच्या मुलासाठी आहे, कारण या कृष्णवर्णीय मुलाला १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलं तेव्हा तो चौदाचा होता. पण एमेटच्या मृतदेहाचा फोटो तुमच्या मुलाने एकट्याने फोनवर बघण्याआधी तुम्ही बोललेलं बरं. एमेटच्या आईने शवपेटी उघडी ठेवायचं का ठरवलं, तिथून सुरुवात करा.

आता जरा अवघड जागेचं. मुलं हा विषय शाळेत शिकण्याआधी गाडीत शिकलेली असतात. नूअर्कच्या अमुक भागातून जाताना आपण दारं लॉक करतो. फोनवर बहिणीशी बोलताना इथल्या काळ्यांबद्दल जे बोलतो ते मुलांना कळत नाही असं समजतो. त्यांचं मराठी बोलायला कच्चं असतं, ऐकायला नाही. माझ्या वर्गात एखादं मूल सहज म्हणून जातं, "माय मॉम सेज दॅट एरिया इज बॅड," आणि मागच्या बाकावर त्याच एरियातून आलेला मुलगा बसलेला असतो. यावर व्याख्यान नको. तो भाग तसा का झाला हे मोठ्याशी बोला: १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या, तिथे घरकर्ज मिळेना, त्याच काळात आणि पुढे उपनगरांत घरं घ्यायला सरकारी हमीची कर्जं मिळत होती, पण ती मुख्यतः गोऱ्यांना. आपण घर घेताना स्कूल रेटिंग बघतो. ते रेटिंग आणि तो नकाशा यांचं नातं मुलाला गणितासारखं समजतं, आणि त्याला स्वतःला दोषी वाटण्याचं कारणही उरत नाही. अपराधी वाटायला लावणं हा हेतू नसतोच. अपराधी वाटलेलं मूल गप्प होतं, शिकत नाही.

वर्गात कृष्णवर्णीय मित्र असेल तर 'तुला काय वाटतं' म्हणून त्याला सगळ्यांच्या वतीने बोलायला लावू नये, हे मुलाला सांगून ठेवा. मंडळाच्या फॅन्सी ड्रेसमध्ये कुणाला रोझा पार्क्स (बसमध्ये जागा न सोडणारी ती) करायचं असेल तर जरूर करा, कोट-टोपी-पर्स पुरे. चेहऱ्याला काळा रंग अजिबात नाही. मराठी शाळेच्या नाटुकल्यात गुलामांचा लिलाव वगैरे दाखवायची कल्पना कुणी काढली तर तिथेच थांबवा.

शाळा काय शिकवेल हे राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत २००२च्या अमिस्टाड कायद्याने हा इतिहास अभ्यासक्रमात आणणं बंधनकारक झालं, आणि २०२२ पासून आशियाई अमेरिकनांचाही. टेक्सास किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचा अनुभव वेगळा असेल. तिथे २०२१-२२ नंतर असे कायदे झाले की शिक्षक जपून बोलतात, म्हणजे घरावर जास्त पडतं. आणि फेब्रुवारीच का, हे मुलाने विचारलं तर: कार्टर वुडसन हे इतिहासकार, गुलामीतून सुटलेल्या आई-वडिलांचा मुलगा, हार्वर्डचे पीएच.डी. त्यांनी १९२६ साली एक आठवडा सुरू केला आणि तो लिंकन आणि गुलामीतून निसटून गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांच्या फेब्रुवारीतल्या जयंत्यांच्या सोयीने ठेवला, कारण त्या दोन्ही लोक आधीपासून साजऱ्या करत होते. महिना झाला तो १९७०च्या दशकात. 'सगळ्यात छोटा महिना मुद्दाम दिला' हे मुलांमध्ये फिरणारं वाक्य खरं नाही.

एवढ्यातलं एकच करायला वेळ असेल तर पर्थ अम्बॉयला जा, तुमच्यापासून पंधरा-वीस मिनिटं. थॉमस मंडी पीटरसन जन्मला मेटचनला, म्हणजे तुमच्या शेजारी. वंशावरून मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही असं सांगणारी १५वी घटनादुरुस्ती लागू झाल्याचं जाहीर झालं ३० मार्च १८७० रोजी, आणि दुसऱ्या दिवशी पर्थ अम्बॉयच्या नगर सनदेच्या मतदानात त्याने मत दिलं. त्या दुरुस्तीखाली मत देणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. तो तिथल्या शाळेत शिपाई-रखवालदाराचं काम करायचा. पुढे त्याच शाळेला त्याचं नाव दिलं. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. जाताना गाडीत मुलाला हे कोडं घाला: त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या विधिमंडळाने ही घटनादुरुस्ती फेटाळली होती. मग मार्चमध्ये त्याने मत दिलं कसं? घटनादुरुस्तीला किती राज्यं लागतात, एकट्या राज्याला नाही म्हणता येतं का, हे त्याच्या आठवीच्या अभ्यासातच आहे. बाबांनाही न्या. उत्तर मुलाने त्यांना समजावून सांगितलं तर आणखी बरं.

राहता राहिला त्याचा प्रोजेक्ट. नाव स्वतः निवडायची मुभा असेल तर बार्बरा जॉन्स घ्या, वर्गात दुसऱ्या कुणाकडे ती नसेल. कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नेमून दिले असतील तर 'पीनट बटरचा शोध लावला' असं लिहू देऊ नका, तो त्यांनी लावला नव्हता. कापसाने नापीक झालेल्या जमिनीत शेंगदाणा आणि चवळी का लावायला सांगितली, त्यावर लिहा. आजोबा शेतीतले असतील तर त्यांना फोन करा, पिकांच्या फेरपालटीबद्दल ते शिक्षकांपेक्षा जास्त सांगतील.